नऊ नंबरची पेटी

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इथे आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही तिघंही बरी असाल असं मीच ठरवून टाकते, कारण तू काही कळवणार नाहीस.

आईचा डावा कान आता पुरता गेला. उजव्या कानाने तिला सोयीचं तेवढं ऐकू येतं. काल "गोळी घेतलीस का, गोळी!" म्हणून मी तीनदा ओरडले, तर ढिम्म. आणि आत जाऊन मधाच्या बरणीचं झाकण जरा फिरवलं, तर लगेच हाक, "मलाही चमचाभर दे गं." तुझी आठवण काढते. म्हणजे तुला नावं ठेवते, पण ते एकच.

चिमीचं चित्र मिळालं. पेट्यांच्या खोलीत दारामागे लावलंय. हत्ती सुरेख जमलाय, माशी मात्र हत्तीएवढीच झालीय. खाली प्रश्न लिहिलाय, "आत्या, एवढा मोठा हत्ती एवढ्याशा माशीला का घाबरतो?" तिला सांग, हत्तीची कातडी जाड असते, पण डोळ्यांच्या कडा आणि सोंडेची आतली बाजू तिच्या गालाइतकी मऊ. तिथे मधमाशी डसली की मोठेपणाचा काय उपयोग? म्हणून आपण शेताच्या कडेने खांब रोवले आणि खांबाखांबांत तार ओढून तिला मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. हत्तीने तारेला धक्का दिला की पेट्या झुलतात, माश्या खवळून बाहेर येतात आणि हत्ती आल्या पावली परत जातो. तोही जिवंत, आपणही जिवंत. सगळ्या पेट्यांत माश्या नसतात, हेही सांग. एक भरलेली, एक रिकामी, असं आलटून पालटून. विषम नंबर भरलेले, सम नंबर रिकामे. रिकाम्यांना आपण बुजगावणी म्हणतो. हत्तीला बाहेरून कळत नाही कुठली कुठली. आणि या सगळ्या पेट्या तिच्या बाबाने स्वतःच्या हाताने केल्या, प्रत्येकीवर तापल्या सळईने नंबर उमटवला, हे तिला ठाऊक आहे का? तू सांगितलं नसशीलच.

आता मुद्द्याचं. सोबत एक कागद आहे. फेकू नकोस, आधी वाच.

आक्का हत्तिणीला विसरला नसशील, उजवा कान फाटलेली. कळप अजून तिच्याच मागे चालतो. टेकडीवरून नदीला जायची त्यांची वाट आपल्या आणि पंपवाल्या काकांच्या शेतांवरून जाते, ती बाबांच्या जन्माआधीपासून. मागच्या वर्षी नदीपलीकडच्या लोकांनी कुंपणाच्या तारेत सरळ घरातला करंट सोडला. आपण जिला आक्काची बहीण म्हणायचो ती त्यात गेली. तिचं पिल्लू अंगावर पीत होतं अजून. कळप दोन दिवस तिथून हलला नाही. मी आणि वनरक्षक बाई लांबून बघत होतो. ते पिल्लू सोंडेने आईचा पाय उचलायचं, सोडायचं, परत उचलायचं. वनरक्षक बाई खात्यातल्या, त्यांना सवय असेल असं मला वाटलं होतं. माझ्याआधी त्याच रडल्या.

त्यानंतर कळप बिथरला. ती बाजू सोडून हत्ती घरांमधून वाट काढायला लागले. पंपवाल्या काकांच्या स्वयंपाकघराची भिंत एका धक्क्यात आत आली, काकू तेव्हा चुलीपाशी होत्या. लागलं नाही, पण अजून त्या तिथे एकट्या जात नाहीत, काकांना दारात उभं करतात. आता काका म्हणतात, आपल्या बाजूलाही करंटची तार लावायची, टेकडीपासून नदीपर्यंत. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण तार लागली की काय होतं ते मी पाहिलंय. हत्ती मरतात, उरलेले घरांत शिरतात, मग माणसं मरतात. आणि मग परत तार.

वनरक्षक बाईंनी आणि मी मिळून दुसरी योजना मांडली आहे. चाळीस पावलं रुंदीची वाट टेकडीपासून नदीपर्यंत मोकळी सोडायची. तिथे काही पेरायचं नाही, बांधायचं नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना आपल्या पेट्या. हत्ती मधून जातील, पिकं आणि घरं पेट्यांच्या आड. वाटेवरच्या सगळ्या जमीनमालकांच्या सह्या लागतात. काका सोडून सगळ्यांच्या झाल्या, आणि काका म्हणाले, "आधी स्वतःच्या घरातली सही आण, मग माझ्याकडे ये." बरोबरच बोलले. बाबांच्या मागे जमीन आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि आपली पट्टी मधोमध. आपली सही नसेल तर वाट मध्येच तुटते. अर्धी वाट हत्तीला काय कामाची?

अठ्ठावीस तारखेला सभागृहात बैठक आहे. त्या दिवशी सगळ्या सह्या टेबलावर नसतील तर योजना बारगळली आणि तार लागली. पुढची तारीख नाही.

मला कळतंय, मी कोणाकडे काय मागतेय. कळपातल्या दांडगोबाने पाडलेल्या खांबाखाली तुझा गुडघा गेला, चार वर्षं तू पाय ओढत चालतोस, आणि मी तुलाच हत्तींसाठी सही मागतेय. लाज नाही का वाटत, असं विचारशील. वाटते. तरी मागते.

त्या दिवसाविषयी लिहायला घेतलं की मला नेमकं दुसरं काम आठवतं. आताही आठवलं. पेट्या उघडताना धूर करायचं धुराडं काजळीने गच्च झालंय, ते घासायला हवं.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि कागदावर हुंकार चालत नाही, सही लागते. चिमीला पापा. तिच्या आईला सांग, मधाच्या दोन बरण्या येणाऱ्याबरोबर धाडते.

तुझी,
ताई

ता. क. दांडगोबा आता कळपात नाही. वयात आला, अंगावर येऊ लागला, तेव्हा आक्काने त्याला हाकलला. एकटाच टेकडीमागे हिंडतो.


दि. १६ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट आज दुपारी मिळालं. पोस्टमनसमोरच फोडलं, धीर कुठला धरवतोय! सही बघून मी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला, आणि आनंदाच्या भरात साखर दोनदा घातली. बिचाऱ्यांनी तोंड वाकडं न करता संपवला.

पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणजे तिच्या उजव्या कानात ओरडले. वाचण्यासारखं होतंच किती? "ताई, सही केली आहे. खांब पडला तो माझ्या हलगर्जीपणामुळे. नऊ नंबरची तार मी नीट अडकवली नसणार. त्याची शिक्षा हत्तींना कशाला? आईला जप." चार वर्षांत तू मला लिहिलेलं सगळ्यात मोठं पत्र हे. आई म्हणाली, "पोरगं शहाणं झालं."

वनरक्षक बाईंना कळवलं. त्या सायकल टाकून धावत आल्या, कागद हातात घेऊन दोनदा वाचला, उजेडात धरून सही बघितली. म्हणाल्या, "ज्याला हत्तीने जायबंदी केलं त्यानेच सही दिली म्हटल्यावर काका कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?" मी मान डोलावली.

बाकी इकडे बरं चाललंय. तेवीस नंबरमधल्या राणीमाशीने नवा संसार मांडला, अर्धी वसाहत घेऊन शाळेच्या घंटेत जाऊन बसली. तास संपला तरी घंटा वाजवायची कोणाची हिंमत नाही, पोरं खूश. मी टोपी जाळी घालून गेले तर मुख्याध्यापक माझ्या मागे लपून सूचना देत होते. आणली परत. खांबांना नवा रंग द्यायचाय. मक्याला पाणी वेळेवर मिळतंय. आणखी विशेष काही नाही.

तुझी,
ताई


दि. १७, सकाळ

वरचं पत्र काल पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज सकाळी फोडलं. "मी मान डोलावली" हे वाक्य मला पोस्टात टाकवेना.

ठोंब्या, तार तू नीट अडकवली होतीस.

आता एका दमात लिहिते, मध्ये धुराडं घासायला उठणार नाही. त्या वर्षी टेकडीपलीकडे सूर्यफूल दाटून फुललं होतं, आणि आपल्याकडे माश्यांना फुलंच नव्हती. मी दुकानदाराला चाळीस बरण्या मध कबूल करून बसले होते. कोणी गळ घातली नव्हती. सगळ्यांत जास्त मध कोणाचा, तर माझा, असं ऐकायची हौस. म्हणून सात, नऊ आणि अकरा या माझ्या सगळ्यांत भरलेल्या पेट्या मी दूधवाल्याच्या टेम्पोत घालून सूर्यफुलात नेऊन ठेवल्या. संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, दाराला जाळी लावून, आपण नेहमी नेतो तशा. दूधवाल्याला सांगितलं, पेट्या दुरुस्तीला चालल्यात. आणि कुंपणात खिंडार दिसू नये म्हणून त्यांच्या जागी तीन रिकाम्या टांगल्या. वर खडूने नंबरसुद्धा घातले.

सहा, आठ, दहा, बारा तर मुळातच बुजगावणी. म्हणजे सहापासून बारापर्यंत सात पेट्या लोंबत होत्या आणि त्यांत मिळून एक माशी नव्हती. आठवड्याचाच प्रश्न आहे, असं मी मनाला सांगितलं.

तुला कळलं नाही कारण आपलं ठरलेलं होतं, पेटी माझी, तार तुझी. तू कधी माझ्या पेटीला हात लावला नाहीस. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी तार बघून आलास तेव्हा म्हणालास, "नऊ नंबर आज गप्प आहे गं." आठवतंय का तुला? मी पीठ मळत होते. वर न बघता म्हणाले, "थंडी आहे." तू "बरं" म्हणालास. तू गेल्यावर मी स्वतः जाऊन आले. तारेचा आकडा ओढून बघितला, पक्का होता. तेव्हासुद्धा तुला खरं सांगता आलं असतं. उद्या पेट्या परत आणते, असं ठरवून मी घरात आले.

उद्या उजाडायच्या आतच, त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी दांडगोबा आला. उजेड होता अजून. मी ओट्यावरून सगळं बघितलं. त्याने तारेला सोंड लावली, ढकलली. पेट्या झुलल्या. काही झालं नाही. त्याने परत ढकललं. तू पत्र्याचा डबा वाजवत पुढे गेलास आणि खांबापाशी उभा राहिलास. मी ओरडले, "मागे हो!" तू हात वर करून मला गप्प केलंस. लोक अजून म्हणतात, हत्ती अंगावर येतोय आणि हा खुळ्यासारखा उभा. खुळा नव्हतास तू. तुझी खात्री होती की आता माश्या बाहेर येतील आणि तो वळेल. तू माझ्या पेट्यांच्या भरवशावर उभा होतास रे.

खांब तुटला तो तुझ्या गुडघ्यावर. दांडगोबा तुला वळसा घालून गेला, मागून आक्का आणि बाकीचे सगळे तुला वळसा घालून गेले. एकाचाही पाय तुझ्यावर पडला नाही. हत्तींनी तुझं काही वाईट केलं नाही. जे केलं ते मी केलं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस? "ताई, नऊची तार मी अडकवली होती ना?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

या तीन शब्दांनी तुला गावातून घालवलं. वनरक्षक बाईंच्या आधीचे रक्षक चौकशीला आले, त्यांच्या वहीत मी "तार सैल होती" असं लिहू दिलं. पेट्या त्याआधीच परत आणून टांगल्या होत्या, खडू पुसला होता. लोकांनी तुला हलगर्जी म्हटलं, मी ऐकून घेतलं. तू बायको आणि एवढीशी चिमी घेऊन खुर्च्यांच्या कारखान्यात बसून करायचं काम धरलंस, तेव्हा बसपर्यंत मी तुझी ट्रंक उचलून आणली आणि वाटेत चकार शब्द काढला नाही. दरवर्षी मनात म्हणायचे, या वर्षी सांगू. मग वाटायचं, आता त्याचं बस्तान बसलंय, कशाला जुनं उकरा? हे मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी म्हणत होते. मध, नाव, गावातला मान, "पेट्यांवाली बाई" म्हणून लांबून लोक भेटायला येतात, ते सगळं त्या तीन शब्दांवर उभं आहे.

तोंडाला कुलूप घालून हे पुढेही रेटता आलं असतं. सही हातात होती. पण तू सही केलीस ती स्वतःला गुन्हेगार समजून. तुझ्या गळ्यात मीच अडकवलेलं खोटं, त्याचाच उपयोग करून मी हत्तींची वाट मोकळी करून घेणार? आणि अठ्ठावीस तारखेला सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, माझ्या पेट्यांवर विश्वास ठेवा? नाही जमणार. मी खूप निर्लज्जपणा केलाय, पण याला माझी छाती होत नाही.

म्हणून तुझी सही असलेला कागद परत पाठवते आहे. फाडलेला नाही, ते तुझं तू ठरव. सोबत दुसरा, कोरा. आता सगळं माहीत असताना करायची असेल तर कर. नसेल करायची तर करू नकोस. तसं झालं तर तार लागेल, हे मला नीट कळतंय, आणि ते पिल्लू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तरी हा कागद तुझ्यापासून लपवून ठेवणार नाही. तार लागली तर मी दुसऱ्या दिवसापासून ती काढायच्या मागे लागेन, जमेल तितकी वर्षं भांडेन. तो माझा धंदा आहे, तुझा नाही.

आणि सही येवो न येवो, बैठकीत मी हे सगळं सांगणार आहे. तुझं नाव मी घालवलं, ते मीच परत आणून द्यायचं.

आईला काल रात्रीच सांगितलं. नेमकं हे तिला एका हाकेत ऐकू आलं. सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

खाली ताई म्हणून लिहायचं धाडस होत नाही.

पेट्यांवाली


दि. १० मार्च

प्रिय भाऊ,

ठोंब्या म्हणायचा हक्क तू परत दिलास की म्हणेन. सध्या हेच.

तुझा कागद सत्तावीसला आला. पोस्टमन यावेळी चहाला थांबले नाहीत, मागच्या वेळची साखर आठवत असणार. कोऱ्या कागदावर सही, आणि मागे दोन ओळी. "सही हत्तींसाठी केली आहे, तुझ्यासाठी नाही. तुझं नंतर बघू. नऊ नंबरच्या झाकणाची बिजागरी गंजली असेल, बदल."

मी पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच रडले. किती वेळ ते विचारू नकोस. आईने येऊन माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि म्हणाली, "बिजागरी आण." दहा दिवसांत माझ्याशी बोललेले तिचे पहिले शब्द.

बैठकीला गर्दी होती. लोखंडी खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले. सह्यांचा गठ्ठा वनरक्षक बाईंनी टेबलावर ठेवला आणि मला योजना समजावून सांगायला उभं केलं. तुझी सही सगळ्यांत वर होती. मी म्हणाले, योजनेच्या आधी माझं एक ऐका. आणि सांगितलं. सूर्यफूल, टेम्पो, खडूचे नंबर, "थंडी आहे", "मला आठवत नाही." काही गाळलं नाही. खुर्चीची पाठ धरून उभी होते.

पंपवाले काका उठले.

"म्हणजे चार वर्षं आम्ही त्या पोराला नावं ठेवली, तो फुकटच?"

"हो."

"आणि तू समोर बसून ऐकत होतीस?"

"हो काका."

"मग उद्या परत रिकाम्या टांगणार नाहीस कशावरून? माझी बायको तुझ्या पेट्यांच्या भरवशावर चुलीपाशी बसायची काय?"

खरं सांगू? हाच प्रश्न मला हवा होता. मी म्हणाले, "माझ्या शब्दावर जाऊ नका. पेटीला कान लावा. भरलेली पेटी आतून गुणगुणते, रिकामी गप्प असते. तुमच्या कडेच्या पेट्या रोज सकाळी तुम्ही ऐका, पलीकडच्या पलीकडच्यांनी. गप्प पेटी सापडली की त्याच मिनिटाला मला ओढत न्या. यापुढे पेटी माझी, तार तुझी, असं काही नाही. आणि तुमच्या घरामागे एकही बुजगावणं नसेल, सगळ्या भरलेल्या देईन." माझ्या भावाने ते चार वर्षांपूर्वी ऐकलं होतं, हेही म्हणाले. नऊ नंबर गप्प आहे, हे त्याने मला सांगितलं होतं.

आता ऐक गंमत. आई मागच्या रांगेत होती. तिला काय ऐकू आलं देव जाणे, पण ती उठून काकांपाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "मला कानाने ऐकू येत नाही, मी हात लावून बघते. पेटी जिवंत असली की तळव्याला कळतं. काकूंना माझ्याकडे पाठव, शिकवते." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पेन मागितलं. "एक वर्ष," म्हणाले. "वर्षभरात एक जरी पेटी गप्प सापडली तर तार मी स्वतः ओढीन, आणि तुला विचारायला येणार नाही." सही केली. जाताना मला म्हणाले, "त्याला लिही, काका चुकले." लिहिलं.

वनरक्षक बाईंनी जुनी वही मागवून घेतली. "तार सैल होती" यावर माझ्यासमोर रेघ मारली, खाली खरं लिहिलं, मी सही केली. त्या पानाची प्रत सोबत आहे. चिमी मोठी झाली की तिला दाखव. आत्याने काय केलं तेही सांग, लपवू नकोस. दुकानदाराला मी मध देणं बंद केलंय. माश्यांचा मध यंदा माश्यांनाच राहील, त्यांना कामं पुष्कळ आहेत.

काल सकाळी कळप उतरला. वाट अजून पुरती तयार नाही, खुंट्या आणि सुतळ्याच आहेत, पण पेट्या टांगून झाल्या आहेत. आक्का आपल्या पट्टीच्या तोंडाशी थांबली. सोंड वर करून हुंगलं. मग चालायला लागली, मधोमध, नाकासमोर. ते आई नसलेलं पिल्लू आता दुसरीच्या पोटाखालून चालतं. अकरा जण नदीवर गेले. मक्याचं एक ताटसुद्धा मोडलं नाही. काकू काकांच्या खांद्यामागून बघत होत्या, शेवटचा हत्ती गेल्यावर आत जाऊन त्यांनी एकटीने चहा टाकला. काका दारात उभे राहायला निघाले तर म्हणाल्या, "बसा तिथेच."

आज सकाळी नऊ नंबरची बिजागरी बदलली. झाकण आता कुरकुरत नाही. तुझा सळईचा नंबर अजून स्वच्छ वाचता येतो.

"नंतर" म्हणजे कधी, ते विचारणार नाही. तू म्हणशील तेव्हा, तुला हवं तेवढं बोल, मी इथेच आहे. दुसरं काही मागायचं नाही, एवढंच सांगायचं होतं की झाकण बसवून झाल्यावर मी नऊ नंबरला कान लावला. गप्प नव्हती.

तुझी, तू म्हणशील त्या दिवसापासून,
ताई